पाइकव्हिलची डिल्स दफनभूमी आणि सॅली मकॉयची कबर: जाण्याआधी हे वाचा

जागेला पाचपैकी पाच आणि तिथे मिळणाऱ्या माहितीला दोन, असा आमचा हिशेब आहे. केंटकी राज्याच्या पूर्व टोकाला, अ‍ॅपलाचियन डोंगरांत, पाइकव्हिल हे गाव आहे. तिथल्या डिल्स दफनभूमीत सारा ऊर्फ सॅली मकॉय हिची कबर आहे. हॅटफिल्ड आणि मकॉय या घराण्यांचं वैर अमेरिकेत म्हणीसारखं वापरलं जातं. त्या वैरात या बाईची पाच मुलं मारली गेली, राहतं घर जाळलं गेलं आणि तिची स्वतःची कवटी फोडली गेली. एवढं सोसून ती जगली आणि या गावात येऊन राहिली. कबरीजवळ उभं राहिल्यावर मात्र यातलं फारसं काही समोर येत नाही. शिळा नाव सांगते, आयुष्य सांगत नाही. म्हणून तयारी करून जा. नाहीतर दहा मिनिटांत फोटो काढून खाली उतराल आणि आलो कशाला, असं वाटेल.

आधी जागेबद्दल. दफनभूमी गावाला लागूनच, क्लोई रोडच्या कडेच्या टेकडीवर आहे. जॉन डिल्स हा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला कर्नल होता. 39व्या केंटकी माउंटेड इन्फन्ट्रीशी, म्हणजे घोड्यांवरून फिरणाऱ्या पायदळाच्या पलटणीशी, त्याचं नाव जोडलेलं आहे. त्याच्या जमिनीवर ही दफनभूमी झाली. गोरे आणि काळे यांना एकाच दफनभूमीत जागा देणारी पूर्व केंटकीतली ही पहिली दफनभूमी मानली जाते. मकॉयांसाठी आलेले बहुतेक लोक ही गोष्ट लक्षातही न घेता परततात. मकॉयांच्या कबरी पाहून झाल्या की उरलेल्या उतारावरून सावकाश एक फेरी मारा. पुष्कळ कबरी साध्या आहेत, काहींवरची अक्षरं पार झिजली आहेत.

टेकडी खडी आहे. गुडघे दुखत असतील तर काठी घ्या, उतरताना ती जास्त कामी येते. व्हीलचेअर वर नेता येईल अशी ही जागा नाही. सोबत आजी-आजोबा असतील तर हे त्यांना आधीच सांगा, पायथ्याशी पोचल्यावर नको. मोठ्या पार्किंगची अपेक्षा धरू नका. वर पाणी, स्वच्छतागृह, दुकान यातलं काही नाही, ते सगळं गावात उरकून या. पावसानंतर ओल्या पानांवरून पाय सटकतो, त्यामुळे गुळगुळीत तळाचे बूट नकोत. उन्हाळ्यात पूर्ण बाह्या आणि लांब पँट घाला. या डोंगरांत गोचिड्या भरपूर असतात, शिवाय तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही अंगाला लागली की फोड येतात. गवतात शिरण्याआधी काठी आपटा, कारण कॉपरहेड हा विषारी साप याच भागातला आहे. ऑक्टोबरात डोंगर रंगलेले असतात आणि हवाही बरी असते. नोव्हेंबर ते मार्च पानं गळलेली असतात, त्यामुळे टेकडीचा उतार आणि कबरींच्या रांगा नीट दिसतात. शिळा वाचायला हाच काळ सर्वांत चांगला.

आता सॅलीबद्दल. ही माहिती डोक्यात नसेल तर वरचा चढ फुकट जातो.

टग फोर्क ही नदी केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांची सीमा आहे. एका काठावर मकॉय जास्त, दुसऱ्या काठावर हॅटफिल्ड. दोन्ही घराण्यांत लग्नसंबंध होते, एकमेकांच्या घरी जेवणंखाणं होती, त्यामुळे याला आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखीच कड होती. सॅली आणि तिचा नवरा रँडॉल्फ हे सख्खे चुलत भाऊ-बहीण. त्यांचं लग्न 1849 मध्ये झालं. 1878 मध्ये एका डुकराच्या मालकीवरून खटला झाला आणि मकॉय हरले. 1880 मध्ये मुलगी रोझॅना हॅटफिल्डांचा म्होरक्या डेव्हिल अ‍ॅन्स याचा मुलगा जॉन्सी याच्यासोबत राहायला नदीपार गेली. पुढे त्याने तिच्याशी नव्हे, तिच्याच एका चुलत बहिणीशी लग्न केलं.

7 ऑगस्ट 1882 ला निवडणुकीच्या दिवशी सॅलीचे तीन मुलगे, टॉल्बर्ट, फार्मर आणि धाकटा रँडॉल्फ, यांनी भांडणात डेव्हिल अ‍ॅन्सचा भाऊ एलिसन याला भोसकलं आणि गोळी घातली. हॅटफिल्डांनी तिघांना पकडून नदीपलीकडे नेलं आणि मेट क्रीकवरच्या एका जुन्या शाळेत डांबलं. सॅली आणि टॉल्बर्टची बायको तिथे गेल्या आणि त्यांनी मुलांच्या जिवासाठी हात जोडले. मुलं केंटकीत जिवंत परत आणली जातील, एवढा शब्द तिला मिळाला. 9 ऑगस्टला एलिसन मेला. तिघांना नदीच्या केंटकीकडच्या काठावर आणलं, पॉपॉच्या झुडपांना बांधलं आणि गोळ्या घालून मारलं. मुलं केंटकीत जिवंत पोचली होती, म्हणजे शब्द अक्षरशः पाळला गेला होता. या घराण्यांबद्दल वाचताना आम्ही पुन्हा पुन्हा याच जागी थांबतो.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पॉपॉ म्हणजे पपई नव्हे. इंग्रजीत काही देशांत पपईला हेच नाव आहे म्हणून मराठीत गोंधळ होतो. केंटकीतलं पॉपॉ सीताफळाच्या कुळातलं आहे: हिरवट साल, आत पिवळा मऊ गर, मोठ्या काळसर बिया. नदीकाठच्या सावलीत ही छोटी झाडं दाटीने वाढतात आणि फळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात पिकतं. माणसाला बांधण्याजोगं झुडूप काठावर सहज कसं सापडलं, हे ते बन पाहिल्यावर कळतं.

केंटकीत वीस जणांवर आरोपपत्र निघालं, पण आरोपी नदीपलीकडे होते आणि पुढची पाच वर्षं कोणालाही पकडलं गेलं नाही. मग 1 जानेवारी 1888 च्या रात्री हॅटफिल्डांची टोळी नदी ओलांडून आली, त्यांनी मकॉयांच्या लाकडी घराला वेढा घातला आणि ते पेटवलं. आग विझवायला पाणी आणायला बाहेर आलेली मुलगी अ‍ॅलिफेअर गोळी लागून पडली. मुलगा कॅल्व्हिन पळताना मारला गेला. मुलीकडे धावलेल्या सॅलीला बंदुकीच्या दस्त्याने मारलं, तिच्या फासळ्या आणि कवटी फुटली. मेली समजून तिला थंडीत टाकून ते निघून गेले. रँडॉल्फ अंधारात निसटला होता. त्यानंतर कुटुंब पाइकव्हिलला आलं. रँडॉल्फने इथल्या लेव्हिसा फोर्क या नदीवर लोकांना पार नेणारी होडी चालवली आणि 1914 मध्ये भाजल्याने वारला. सॅली त्याच्या बऱ्याच आधी गेली. रोझॅनासुद्धा त्या हल्ल्यानंतर फार जगली नाही. आईवडील, रोझॅना, मुलगा सॅम आणि त्याची बायको मार्था, एवढे जण डिल्समध्ये आहेत.

वर पोचल्यावर यांना शोधायला वेळ लागत नाही, कारण भेट देणारे बहुतेक यांच्यासाठीच येतात आणि वाट त्याच बाजूला तुडवलेली असते. पण लोक सहसा रँडॉल्फच्या नावापाशी थांबतात आणि सॅलीकडे ओझरतं पाहतात. आमचं सांगणं उलट आहे. आधी सॅलीपाशी उभे राहा, मग रोझॅनापाशी, रँडॉल्फकडे शेवटी या. आई आणि मुलगी एकाच उतारावर आहेत. त्या वैराची सर्वांत मोठी किंमत या दोघींनी मोजली आणि दोघींपैकी एकीनेही बंदूक उचलली नव्हती.

शिळा वाचण्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण इथे नुकसान पाहुणेच करतात. जुनी अक्षरं दिसेनात म्हणून लोक खडू फासतात, पीठ चोळतात, दाढीचा फेस लावतात. पिठावर बुरशी पोसते. फेसातलं आम्ल आणि चरबी दगडाच्या छिद्रांत बसते आणि धुतल्यावरही पूर्ण निघत नाही. तारेच्या ब्रशाने संगमरवराची वरची कातडीच निघते. ब्लीचमधले क्षार आत राहतात, थंडीत त्यांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. कागद लावून पेन्सिलीने ठसा घेणंही टाळा. आतून पोकळ झालेला पापुद्रा हाताच्या दाबानेच तुटू शकतो.

खरा उपाय आरसा आहे. साधारण 30 बाय 45 सेंटिमीटरचा आरसा पुरतो, फ्रेम असलेला घेतला तर हात कापत नाही. एकाने शिळेच्या बाजूला, दीड-दोन मीटरवर उभं राहून ऊन आरशात घ्यायचं आणि शिळेच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, पंधरा-वीस अंशांत टाकायचं. प्रत्येक अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि सपाट वाटणारा दगड बोलायला लागतो. दुसऱ्याने समोरून फोटो घ्यायचा, फ्लॅश बंद ठेवून. फ्लॅश समोरून पडतो आणि सावलीच मारून टाकतो. ढगाळ दिवस असेल तर मोठा टॉर्च त्याच कोनात धरा आणि शिळेवर छत्रीची सावली करा. पक्ष्यांची घाण असेल तर स्वच्छ पाणी आणि मऊ नायलॉनचा ब्रश, तोही परवानगी घेऊनच. शेवाळ आणि दगडफूल हाताने खरवडू नका, त्यांचे मुळांसारखे तंतूच दगडाचे कण घेऊन सुटतात. कबरीवर नाणी ठेवायची पद्धत अमेरिकेत रुजली आहे. ती टाळलेली बरी, धातूचे डाग दगडात उतरतात.

हे सगळं केल्यावर शिळेवरून जे मिळतं ते थोडंच आहे. इथे आमची खरी तक्रार आहे. ज्या बाईमुळे हे वैर निव्वळ बंदुकांची गोष्ट न राहता एका घराची गोष्ट होते, तिच्या कबरीपाशी शाळेत जाऊन केलेली विनवणी नाही आणि तिच्या घरावरच्या हल्ल्याची ती रात्रही नाही. त्या मारानंतर ती जगली, ही साधी गोष्टसुद्धा नाही. एक छोटा, मजकुराला जागा असलेला फलक एवढं पुरेसं आहे. पुतळा नको.

पुतळा का म्हटलं, ते पाहायचं तर नदीपार जायला हवं. वेस्ट व्हर्जिनियातल्या सारा अ‍ॅन या वस्तीजवळ, राज्य मार्ग 44 वर, हॅटफिल्डांची दफनभूमी आहे. डेव्हिल अ‍ॅन्स 1921 मध्ये वारला. त्यानंतर त्याच्या घरच्यांनी इटलीतल्या करारा संगमरवरात त्याचा पूर्णाकृती पुतळा घडवून आणला. खालच्या चौथऱ्यावर त्याच्या तेरा मुलांची नावं कोरली आहेत. टेकडीवर झाडांच्या मध्ये हा दाढीवाला पांढरा माणूस उभा आहे. कारागिरी उत्तम आहे, तिथे जरूर जा. पण डिल्स आधी आणि हे नंतर, हा क्रम मोडू नका. एका बाजूला बापाच्या पायाशी मुलांची नावं. दुसऱ्या बाजूला आईची शिळा आणि तिच्या मारल्या गेलेल्या पाचही मुलांपैकी एकही तिच्याजवळ नाही. नावाच्या सारखेपणाने काही जण सारा अ‍ॅन ही सॅलीची जागा समजून तिथे जातात. तसं नाही, सारा मकॉय पाइकव्हिललाच आहे.

ती पाच मुलं हार्डी गावाजवळ, ब्लॅकबेरीच्या ओढ्याकडच्या डोंगरावर, जुन्या मकॉय दफनभूमीत आहेत. तिघे भाऊ एकाच कबरीत, अ‍ॅलिफेअर आणि कॅल्व्हिन तिथेच. डिल्सपासून रस्त्याने साधारण चाळीस किलोमीटर. तिथे जाणारी वाट खासगी जमिनीतून जाते आणि त्या वाटेसाठी मकॉयांच्या वंशजांना 2002 मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. म्हणून आधी पाइकव्हिलच्या पर्यटन कार्यालयात विचारा. फाटक बंद दिसलं तर ओलांडू नका, या डोंगरांत ते कोणीही खपवून घेत नाही. जळलेल्या घराची जागासुद्धा हार्डीतच आहे. 2012 मध्ये तिथे खोदकाम झालं, तेव्हा त्या काळच्या बंदुकीच्या गोळ्या आणि जळकं लाकूड मिळालं.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला इथे वीरगळ आठवतील. गावाच्या वेशीवर, मंदिराच्या आवारात, गुरं किंवा गाव राखताना पडलेल्या पुरुषाची शिळा आपल्याकडे असते. शेजारी सतीशिळा असते, कोपरात वाकवलेला, बांगड्यांचा हात कोरलेली. पडलेल्याला दगड आहे, त्याच्यासोबत जळलेलीला दगड आहे. मागे राहून म्हातारी झालेल्या आईला दगड द्यायची रीत आपल्याकडेही दिसत नाही. म्हणून डिल्समधली सॅलीची शिळा, तिच्यावरचा मजकूर कितीही अपुरा असला तरी, आम्हाला मोलाची वाटते.

गावात पाहण्यासारखं आणखी आहे, पण सगळंच सारख्या तोलाचं नाही. पर्यटन कार्यालयातून वैराच्या ठिकाणांची गाडीने फिरायची पुस्तिका घ्या, तिच्यातला नकाशा कामाचा आहे. बिग सँडी हेरिटेज सेंटर या संग्रहालयात या वैराशी संबंधित वस्तू आहेत. त्याला एक तास द्या, निघण्याआधी ते उघडं असण्याची वेळ फोनवर विचारून घ्या. जुन्या न्यायालयाची इमारत बाहेरून पाहिली तरी चालते. पकडून आणलेल्या हॅटफिल्डांवर पाइकव्हिलमध्ये खटला चालला. त्यांना वेस्ट व्हर्जिनियातून बेकायदा उचलून आणलं, हा वाद 1888 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि खटला केंटकीत चालू शकतो असा निकाल लागला. अ‍ॅलिफेअरच्या खुनासाठी हॅटफिल्डांच्या बाजूच्या एलिसन माउंट्स याला 18 फेब्रुवारी 1890 ला याच गावात, मोठ्या गर्दीसमोर फाशी दिली. मुलीच्या खुनासाठी एकाला फासावर चढवलं गेलं, बाकीच्यांना तुरुंग. सॅलीला मिळालेला न्याय एवढाच. 14 जून 2003 ला दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी पाइकव्हिलमध्ये शांततेच्या करारावर सह्या केल्या.

बॉब अ‍ॅमॉस पार्कवरून दिसणारा कट-थ्रू मात्र चुकवू नका. पुरापासून गाव वाचवायला 1973 ते 1987 या काळात डोंगर कापून नदी, रेल्वे आणि रस्ता या सगळ्यांची वाट बदलली. रँडॉल्फ होडी चालवायचा ती नदी आता गावाच्या मधून त्याच वळणाने वाहत नाही. जुन्या वर्णनांतला काठ शोधत गावात फिरणारे इथेच फसतात.

दिवसाचा क्रम असा ठेवा. केंटकीतल्या लेक्सिंग्टन शहरातून गाडीने अडीच तास लागतात, तेव्हा आदल्या रात्री पाइकव्हिलला मुक्काम करणं सोयीचं. सकाळी ऊन तिरपं असताना डिल्स, पाऊण ते एक तास. मग पर्यटन कार्यालय आणि संग्रहालय. दुपारी हार्डी आणि तिथून टग फोर्कच्या काठाने वेस्ट व्हर्जिनियातलं मेटवान गाव. पॉपॉच्या झुडपांची जागा मेटवानच्या समोर, नदीच्या केंटकीकडच्या बाजूला आहे आणि तिथे फलक आहे. सारा अ‍ॅन त्याच दिवशी करायचं असेल तर अंधार पडण्याआधी दोन तास हातात ठेवा. दऱ्यांमध्ये सूर्य लवकर डोंगराआड जातो, वळणं आंधळी आहेत आणि अवजड ट्रक मध्यरेषेवर येतात. दऱ्यांत मोबाइलचं नेटवर्क जातं. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि कागदी पुस्तिकाही जवळ ठेवा. नकाशाचं अ‍ॅप कधी कधी डोंगरावरच्या खाणीच्या कच्च्या रस्त्यावर वळवतं. डांबर संपलं की मागे फिरा.

हार्डीला मुलांच्या कबरींवर फुलं ठेवायची असतील तर ती पाइकव्हिलमध्येच घ्या, प्लॅस्टिकचं वेष्टन गाडीत काढा आणि देठाला फक्त सुती दोरा बांधा. दोन जुड्या घ्या आणि त्यातली एक निघण्याआधी डिल्सला सॅलीपाशी ठेवा.